पितळेची पिन

बारकूला बावन्नावं लागलं होतं, डोक्यावरचं निम्मं रान उजाड झालं होतं, तरी घरात, कारखान्यात आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्यापर्यंत तो बारकूच होता. डोक्यावर थोरला भाऊ असला की धाकट्याचं वय वाढत नाही.

कारखाना म्हणजे पत्र्याखालची एक लांबट खोली. दारातून आत गेलं की डाव्या हाताला लेथ, पुढे ड्रिल, भिंतीवर पाने-पकडींची फळी, आणि पार मागे, खिडकीच्या उजेडात, मिलिंग मशीन. लोखंडाचा तुकडा टेबलावरच्या वाइसमध्ये घट्ट धरायचा, वर कटर गरगरत असतो, आणि हँडल फिरवून टेबल केसाकेसानं सरकवायचं, की कटर त्या तुकड्याला हवा तो आकार देतो. सांगायला सोपं, करायला जन्म जातो. आप्पांचा, म्हणजे या दोघांच्या वडिलांचा, गेलाच. दादाचाही त्यातच जायचा होता. पण सात वर्षांपूर्वी दादा त्या मशीनवरून उठला आणि दाराजवळच्या बाकावर कानस घेऊन बसला. बारकूनं केलेल्या मालाच्या कडा घासायच्या, तेलकट कागदात गुंडाळायच्या, खोक्यात भरायच्या. घोडा दौडवणाऱ्यानं तबेला झाडावा, तसं ते दिसायचं.

दादा का उठला ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचा हात गेला म्हणून. खरं काय ते एकट्या बारकूला ठाऊक होतं.

दादाची मुलगी ठिणगी तंत्रनिकेतनात शिकवायची. लहानपणी वेल्डिंगच्या चरचराटात पाळण्यात गाढ झोपायची म्हणून आप्पांनी तिला हे नाव ठेवलं होतं, आणि मोठेपणी तिनं ते स्वभावानं वसूल केलं होतं. एका रविवारी जेवता जेवता ती म्हणाली, की बाबांच्या हातात जोर उरला नाही ना, मग आपण मशीनलाच हात बसवू. तीन हँडलं आहेत, तिथं तीन मोटरी. प्रत्येक मोटरीला तिचा तिचा ड्राइव्ह, म्हणजे मोटरीला किती वीज कधी पाजायची ते ठरवणारा डबा. वर एक कॉम्प्युटर. बाबांनी खुर्चीत बसायचं आणि आकडे सांगायचे, टेबल आपलं आपण सरकेल.

दादा हसला. म्हणाला, "म्हाताऱ्या बैलाला इंजिन जोडतेस होय गं?" पण हसता हसता त्यानं पाण्याचा पेला उचलला, न पिताच खाली ठेवला, आणि जेवण झाल्यावर कपाटावरची जुनी आकृत्यांची वही काढून फडक्यानं पुसली. वहिनी दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. सात वर्षांत त्या वहीला कुणी हात लावला नव्हता.

बारकू भाकरी कुस्करत राहिला. आनंद व्हायला हवा होता त्याला, आणि झालाही, पण भाकरीत खडा यावा तसं आनंदातच काहीतरी करकरलं. मोटर बसवायची तर आधी मोजावं लागतं. मोजलं की कळतं.

*

ती सात वर्षांपूर्वीची गोष्ट अशी होती.

टेबल आपोआप सरकवायची एक सोय त्या मशीनला पहिल्यापासून आहे, आणि त्या सोयीच्या सांध्यात करंगळीएवढी एक पितळेची पिन असते. टेबल कुठं अडलं, जोर नको इतका वाढला, तर ती पिन आधी तुटते आणि बाकीचं मशीन वाचतं. आप्पा ती पिन मुलांना लहानपणी तळहातावर ठेवून दाखवायचे. आणि आई, पिना डब्यात मोजून टाकताना, स्वतःशीच म्हणायची:

लहान जीव पितळाचा, पोलादाचा मोठा,
धाकट्यानं झेलावा गं थोरल्याचा तोटा.

ठिणगीला कॉलेजच्या वसतिगृहात सोडायला दादा दोन दिवस परगावी गेला होता. पंपाच्या बिडाच्या ब्रॅकेटांचं काम घाईचं होतं. दादा यायच्या आत सगळं संपवून त्याला चकित करायचं, ही हौस. म्हणून बारकूनं कटर खोल घातला, टेबल वेगात सोडलं, आणि पिन तुटली. दुसरी घातली, तुटली. तिसरीही गेली. डबा रिकामा झाला. पितळेची कांडी कोपऱ्यात उभी होती, लेथवर नवी पिन करायला दहा मिनिटं लागली असती. बारकूनं ती दहा मिनिटं वाचवली. मोडक्या ड्रिलचा पोलादी दांडा कापून त्यानं पिनेच्या जागी ठोकला.

मग तो चहा घ्यायला दाराशी वळला, एवढंच. एका ब्रॅकेटाचं मागं आलेलं टोक मशीनच्या खांबाला अडलं. टेबल थांबलं, मोटर थांबली नाही, पिन तुटली नाही. आतून एक आवाज आला, म्हातारं माणूस झोपेत कण्हतं तसा. बारकू धावत जाऊन लिव्हर ओढीपर्यंत टेबलाखालचा स्क्रू मधोमध वाकला होता.

तो स्क्रू म्हणजे मशीनचा कणा. हाताएवढ्या लांबीचा, आट्याआट्यांचा. हँडल फिरलं की तो फिरतो आणि टेबल सरकतं. मूळचा झिजला तेव्हा आप्पांनी तो स्वतः लेथवर कापला होता, अकरा दिवस खपून. वाकला तोही डोळ्यांना दिसेल असा नाही. पण टेबल मध्यावर आलं, की हँडलच्या प्रत्येक फेऱ्यात एका जागी जड लागायचं आणि माप केसाएवढं सरकायचं. डावीकडच्या भागात मात्र सगळं ठीक.

बारकूनं पोलादी दांडा काढून नाल्यात टाकला. पितळेची पिन केली, घातली. खांबावरचा ओरखडा घासून त्यावर रंग लावला. आणि वाइस उचलून टेबलाच्या डाव्या टोकाला बसवली. ब्रॅकेटं वेळेत गेली.

दादा आला. त्यानं वाइस पुन्हा मधोमध बसवली, कारण आप्पांनी तसंच शिकवलं होतं, वजन मध्यावर असावं. आठवड्याभरात त्याचा माल परत आला. पुन्हा केला, पुन्हा आला. मग एका दुपारी, हँडलवर हात तसाच ठेवून, दादानं विचारलं, "बारकू, मध्यावर जड लागतंय का रे तुला?"

त्या घटकेला सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण दादाच्या कपाळावर घाम होता, दाराशी पंपवाल्याचा माणूस परत आलेला माल घेऊन उभा होता, आणि बारकूच्या तोंडून जे निघालं ते असं निघालं: "नाही दादा. मला तर लोण्यासारखं जातंय."

उद्या सांगू, असं त्यानं मनाशी ठरवलं. उद्याचा परवा झाला. दादा डॉक्टरकडे जाऊन आला, डॉक्टर म्हणाले मनगट ठणठणीत आहे. दादा म्हणाला, "डॉक्टरला मनगट कळतं, हात नाही कळत." आणि एका सोमवारी तो बाकावर जाऊन बसला. बारकू डाव्या टोकाला वाइस लावून काम करायचा, माल कधी परत यायचा नाही. वाइस डावीकडे का, असं कुणी विचारलंच, तर तो म्हणायचा, उजेड बरा पडतो. लोक म्हणायचे, थोरल्याचा हात धाकट्यात उतरला. खोटं एका वाक्याचं होतं, पण त्या वाक्यावर सात वर्षांची वस्ती उभी राहिली होती. आता पाया काढायचा तर कुणाकुणाच्या भिंती पडतील, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

वहिनी रोज संध्याकाळी दादाच्या मनगटाला तेल चोळायची. दुखत नसलेल्या मनगटाला. बारकू समोर असला की म्हणायची, "तुम्ही होतात म्हणून सावरलं हो भावजी." त्यावर बारकू चप्पल शोधायला लागायचा.

*

ठिणगीनं पुढचे दोन रविवार कागदावर काढले. बारकूनं आपण होऊन सुचवलं, की स्क्रूच नवा घालू, आजकाल छर्‍यांवर चालणारे मिळतात, हलके जातात. त्याला वाटलं होतं, स्क्रू एकदा निघाला की परस्पर भंगारात जाईल, आणि त्याच्याबरोबर ते सगळंही. दादानं कानस थांबवून तिथूनच सांगितलं, की आप्पांचा स्क्रू निघणार नाही. बाकी काय वाटेल ते करा.

मग ठिणगीनं काकाला माप घ्यायला सांगितलं, तिला मध्ये कॉलेज होतं. हँडलच्या कडेला दोरी गुंडाळायची, दोरीला स्प्रिंगचा काटा अडकवायचा आणि ओढायचं. हँडल हलायला लागेल तेव्हा काट्यावर किती किलो दिसतात ते लिहायचं. त्यावरून मोटर किती जोराची हवी ते निघतं. डावीकडे, मध्यावर, उजवीकडे, तिन्ही जागी घ्या, ती म्हणाली.

बारकूनं डावीकडे घेतलं. अडीच किलो. मध्यावर घेतलंच नाही. कागदावर मध्यासमोर अडीच लिहिलं, उजवीकडे पावणेतीन, म्हणजे खरं वाटेल. पेन्सिल खाली ठेवताना त्याला जाणवलं, की सात वर्षांपूर्वीचं खोटं निदान घाबरून निघालं होतं. हे थंड डोक्यानं, टोक काढलेल्या पेन्सिलीनं लिहिलं होतं.

ठिणगीनं त्या आकड्यांवरून आधी टेबलाच्या हँडलसाठी साडेसातशे वॅटची सर्वो मोटर ठरवली, बाकीच्या दोन नंतर. शनिवारी सकाळी दोघं मोटरवाल्याकडे गेले.

मोटरवाल्याचं दुकान म्हणजे काउंटरपेक्षा काउंटरमागेच जास्त. खोक्यांच्या भिंती, त्यातून एक माणूस जाईल एवढी वाट, आणि त्या वाटेत तो स्वतः, पोटावर कात्री लोंबकळत असलेला. दोन मोटरी त्यानं टेबलावर पट्टीनं बांधून ठेवल्या होत्या, गिऱ्हाइकाला दाखवायला. प्रत्येकीच्या दांड्यावर खडूची रेघ. एक स्टेपर, एक सर्वो. सून निवडताना दोन्ही बघाव्यात, तो म्हणाला, नंतर माझ्या नावानं खडे फोडू नका.

त्यानं स्टेपर सुरू केली. ती पावलं मोजत चालते. शंभर सांगितली की शंभर चालते. मग जाड फडकं घेऊन त्यानं तिचा दांडा मुठीत आवळला. मोटर गुरगुरली, जागच्या जागी थरथरली. त्यानं मूठ सोडली तशी ती पुन्हा चालू लागली आणि शंभर झाल्यावर ऐटीत थांबली. खडूची रेघ पार भलतीकडे होती.

"बघा," मोटरवाला म्हणाला. "मध्ये वीसेक पावलं पडली हिची. पण तिला विचाराल तर शंभर पुरी. स्वस्त आहे, गरीब आहे, पण चुकली तर सांगत नाही. सगळं आलबेल दाखवते आणि पुढचा माल वाया जातो."

मग सर्वो. तिच्या पाठीवर एक डोळा असतो, आपण खरोखर कुठं पोचलो ते ती ड्राइव्हला कळवत राहते. तिचा दांडा आवळला तशी ती झटली, जोर लावला, आणि मग एकदम थांबली. ड्राइव्हवर लाल आकडा लुकलुकला. मला जमत नाही, इथं काहीतरी अडतंय, असं म्हणते ती, मोटरवाल्यानं समजावलं. कारण काढल्याशिवाय पुढे हलायची नाही.

ठिणगी खूश होती. बारकू स्टेपरच्या खडूच्या रेघेकडे बघत होता. जत्रेतल्या अनोळखी माणसात अचानक आपलेच नाक-डोळे दिसावेत, तसा.

टेबल मध्यावर आलं की साडेसातशेची सर्वो दम टाकणार, लाल दिवा लावणार, आणि ठिणगी कारण काढल्याशिवाय राहायची नाही. म्हणून तो म्हणाला, स्टेपरच घेऊ. सगळ्यात मोठी. तिप्पट जोराची. जोर असला की कशाला काही अडत नाही.

"काका, तुमचाच आकडा आहे ना? अडीच किलो," ठिणगी म्हणाली. "मुंगीला मारायला घण कशाला?"

बारकूनं वयाचा आधार घेतला. यंत्राचं कागदावर वेगळं असतं, प्रत्यक्ष वेगळं, तीस वर्षं त्याच्याशी झोंबतोय मी, वगैरे. मोटरवाल्यालाही मोठी मोटर विकायला हरकत नव्हती. ठिणगीनं काकाकडे बघितलं, मग खांदे उडवले. सोमवारी पक्कं सांगतो, असं ठरलं. बारकूला वाटलं, सुटलो.

*

त्याच दुपारी कारखान्यात ठिणगीनं हँडल काढायला पाने मांडले. मोटरीच्या पट्टीची मापं घ्यायची होती. वहिनी डबा घेऊन आली होती आणि बाकावर टेकली होती.

दादा उठून आला. हात फडक्याला पुसले, बोटाबोटांमधून पुसले, पाहुण्याच्या घरी शिरताना पुसावेत तसे. म्हणाला, "काढायच्या आधी एकदा फिरवू का?"

कुणाला विचारत होता कोण जाणे. बारकूनं डाव्या टोकाची वाइस सोडवून बाजूला घेतली. दादानं हँडलवर पंजा ठेवला. सात वर्षांनी ठेवला, पण ठेवला असा, की बोटं आपापल्या जागी जाऊन बसली. टेबल सरकायला लागलं. एक फेरा, दोन फेरे, एकसारखे, पाण्यावरून होडी जावी तसे. दादाचे डोळे अर्धे मिटले. मग टेबल मध्यावर आलं आणि त्याचा हात थबकला. त्यानं पुढे नेला, पुन्हा थबकला.

"हे बघ ठिणगे," दादा म्हणाला, अगदी हसून, लेकीला गावाची वेस दाखवावी तसं. "इथं येऊन माझा हात मरतो. बारकूचा नाही मरत. मोटरीला हात नसतो, ते एक बरं."

वहिनीनं मान खाली घातली. ठिणगीनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला.

बारकूला गप्प राहता आलं असतं. दोन मिनिटांत हँडल निघालं असतं. सोमवारी तिप्पट जोराची मोटर आली असती आणि तिनं तो जडपणा गिळून टाकला असता, कायमचा. दादा खुर्चीत बसून आकडे सांगत म्हातारा झाला असता, आणि मरताना त्याला वाटलं असतं, की त्याच्या हातानं त्याला दगा दिला. सगळ्यांचं भलंच होणार होतं. फक्त ती एक गोष्ट त्याच्याबरोबर चितेवर गेली असती, आपला हात वाईट, ही.

बारकूनं खिळ्यावरची दोरी काढली. हँडलला गुंडाळली. काटा अडकवून तो ठिणगीच्या हातात दिला.

"वाच," तो म्हणाला. "मोठ्यानं वाच."

ती ओढत गेली आणि वाचत गेली. अडीच. अडीच. अडीच. सहा. ती थांबली, काटा उलटसुलट करून पाहिला, पुन्हा ओढलं. अडीच. अडीच. सहा. दर फेऱ्याला, त्याच जागी.

ठिणगीनं खिशातला कागद काढला नाही. तिला आकडा पाठ होता. तिनं काटा पाहिला, मग बापाचा हात, मग काका.

"हात नाही दादा," बारकू म्हणाला. "स्क्रू वाकलाय. मी वाकवला."

मग त्यानं सगळं सांगितलं, पंपाच्या ब्रॅकेटांपासून कागदावरच्या अडीचपर्यंत. पोलादी दांडा सांगितला, नाला सांगितला, खांबावरचा रंग सांगितला. वाइस डावीकडे का असते तेही. बोलताना तो दादाच्या चपलांकडे बघत होता. एका चपलेचा अंगठा नव्यानं शिवलेला होता, तेवढंच त्याला नंतर आठवत राहिलं.

रस्त्यावरून एक सायकल गेली, तिची साखळी कोरडी होती.

"मी तुला विचारलं होतं," दादा म्हणाला.

"हो."

"काय म्हणाला होतास?"

"दादा..."

"काय म्हणाला होतास ते सांग."

बारकूनं ते वाक्य पुन्हा उच्चारलं. "लोण्यासारखं जातंय, म्हणालो."

दादानं उजवा हात समोर धरला. उघडला, मिटला, उघडला. दुसऱ्याच्या घरी ठेवायला दिलेली वस्तू परत आल्यावर ती आपलीच ना, हे निरखावं तसा. मग नळाशी जाऊन त्यानं हात धुतले, जे स्वच्छच होते. कानस जागेवर ठेवली आणि तो घरी निघाला. वहिनी त्याच्यामागे गेली. उंबऱ्यात ती थबकली, वळली, भावजी म्हणण्यासाठी तिचे ओठ हललेही असतील. पण ती दादाच्या मागे चालू लागली.

ठिणगी पाने आवरत होती, एकेक, फळीवरच्या त्यांच्या त्यांच्या आकारात.

"पितळेची कांडी होती ना तेव्हा?" तिनं पाठ फिरवूनच विचारलं.

"होती."

"दहा मिनिटांचं काम होतं, काका."

*

सोमवारी बारकू वेळेआधी आला तर कुलूप उघडलेलं. दादा आत. वाइस मधोमध. टेबल उतरवून बाजूला ठेवलं होतं आणि आप्पांचा स्क्रू बाहेर काढून दोन ठोकळ्यांवर आडवा ठेवला होता, तपासायला आणलेल्या रोग्यासारखा. मापाचं घड्याळ त्याच्या मध्यावर टेकवलेलं. ठिणगीनं रजा घेतली होती. ती स्क्रू हळू फिरवत होती आणि घड्याळाचा काटा डोलत होता.

बारकू दाराशीच उभा राहिला. त्याला कुणी या म्हणालं नाही, जा म्हणालं नाही.

दादानं स्क्रू हाताच्या दाबयंत्राखाली घेतला. वाकलेली बाजू वर केली, दांडी ओढली, सोडली, घड्याळ पाहिलं. पुन्हा. प्रत्येक वेळी कमी ओढायचं, आणि किती कमी ते कुठल्या पुस्तकात नसतं. ठिणगी काहीतरी हिशेब सांगायला गेली, दादानं नुसतं बोट वर केलं. मोठा पाना हवा होता तेव्हा त्यानं तो ठिणगीकडे मागितला, बारकूच्या हाताशी होता तरी. बारकूनं तो उचलला, तिला दिला, तिनं बापाला दिला.

अकराच्या सुमाराला घड्याळाचा काटा डोलायचा थांबला. दादानं तळहात स्क्रूवरून एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत फिरवला. सात वर्षं मेलेला म्हणून ज्याला तेल चोळलं, तो हात. बारकूला तिथून पाय काढावासा वाटला. पण जाणं सोपं होतं, म्हणून तो गेला नाही.

दुपारी टेबल पुन्हा बसलं. ठिणगीनं दोरी बांधून माप घेतलं, अडीच, अडीच, अडीच, आणि मोटरवाल्याला फोन करून साडेसातशेची सर्वो पक्की केली. उजव्या टोकाला मोटर बसणार. डावीकडचं हँडल राहू दे, दादा म्हणाला, काढता-घालता येईल असं कर. अधूनमधून आम्ही दोघं बोलू. दोघं म्हणजे तो आणि मशीन, हे त्यानं सांगितलं नाही, पण बारकूला कळलं.

मग ठिणगीनं सांगितलं, की सर्वोच्या ड्राइव्हमध्ये जोराची मर्यादा घालता येते. त्याच्यावर जोर गेला की मोटर आपण होऊन थांबते, काही मोडायच्या आत. मर्यादा किती घालू?

"पितळेच्या पिनेइतकी," दादा म्हणाला.

"आकडा लागतो हो बाबा. पितळ लिहून चालत नाही त्यात."

दादा टेबल पुसत होता. पुसता पुसताच, मान वर न करता, दोन दिवसांत पहिल्यांदा त्यानं हाक मारली.

"बारकू. पिना कर. डझनभर. आणि एकेक मोडून काट्यावर बघ, कितीला तुटते."

बारकू लेथवर गेला. कांडी अजून त्याच कोपऱ्यात होती, धूळ खाऊन काळवंडलेली. पहिला काप पडताच आतलं पिवळं उघडं पडलं. त्यानं पिना केल्या, घाई न करता, बारा. मग सांध्यात एक घातली, टेबलापुढे ओंडका अडवला, दांड्याला लांब पाना लावला, पान्याच्या टोकाला दोरी, दोरीला काटा, आणि ओढू लागला. पिन टक्‌ करून तुटली.

"नऊ," तो म्हणाला.

ठिणगीनं लिहिलं. दुसरी. "सव्वानऊ." तिसरी. "नऊ." तुटलेल्या पिनांचे तुकडे तो ओळीनं फळीवर ठेवत गेला. दादा पाठमोरा होता, टेबलाला तेल देत होता, पण प्रत्येक टक्‌ला त्याचा हात क्षणभर थांबायचा.

आठवी पिन लवकर तुटली. काटा सातावर होता. ओढताना बारकूचा हात मध्येच हिसका खाऊन गेला होता, त्याला ते कळलं होतं, कुणी पाहिलं नव्हतं. ठिणगीची पेन्सिल कागदावर तयार होती. नऊ म्हटलं असतं तर सगळ्या ओळीत शोभलं असतं.

"सात," बारकू म्हणाला. "माझ्या हातानं हिसका बसला. ही धरू नकोस."

ठिणगीनं लिहिलं आणि खोडलं. दादा वळला नाही. फक्त तेलाची बुधली त्यानं खाली ठेवली, आणि म्हणाला, "अजून एक कर मग. डझन पुरे व्हायला हवेत."

बारकू पुन्हा लेथकडे गेला. दहा मिनिटं लागली.